तालुक्याच्या क्लबचं फुकट डोळ्याचं शिबिर, पाचपैकी साडेतीन स्टार

मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत आमच्या तालुक्याच्या सेवा क्लबच्या शिबिरातून झालं, म्हणून लिहून रायलो. क्लबचं नाव टाकत नाई.

शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. टाइम सकाळी आठचा सांगतला अन् डॉक्टरची गाडी आली साडेदहाले, तोवर सारे म्हातारे पोट्ट्याईच्या बुटक्या बेंचवर गुडघे पोटात घेऊन बसले, मंग उद्घाटन, हार, भाषण, फोटो. अर्धा स्टार इथंच कापला. पण त्याच्यापुढचं काम एक नंबर. शुगर-बीपी तिथंच पाह्यला, बसनं दवाखान्यात नेलं, लेन्स टाकली, रातभर मुक्काम, दुसऱ्या दिवशी काळा चष्मा अन् डोळ्यात टाकाची औषध देऊन बस घरापर्यंत. एक रुपया लागला नाई. फरदडीचा कापूस वेचताना मी सोडलेलं बोंड आता माय मलेच दाखवते.

आता फुकट म्हटलं तरी पैसा कोणीतरी भरतेच ना, म्हणून सेक्रेटरी भाऊले (कापड दुकान आहे त्याईचं) दोनदा जाऊन विचारलं. ऑपरेशनमागं दवाखान्याले सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून अनुदान भेटते, हा कार्यक्रम 1976 पासून आहे. क्लबच्या अंगावर येते ते बस, जेवण, चष्मे, मंडप. हे पैसे कोजागिरीच्या ऑर्केस्ट्राच्या पासातून, लकी ड्रॉच्या कुपनातून अन् स्मरणिकेतल्या जाहिरातीतून. जाहिरात कोण देते तर जिनिंगवाला, कृषी केंद्रवाला, पतसंस्था. स्मरणिका कोणी वाचत नाई हे त्याईले बी माहीत आहे, पण अध्यक्ष गिऱ्हाईक असला की नाई कसं म्हणाव!

एक गोष्ट मले आवडली. मेंबरची वर्गणी अन् लोकाईकडून जमवलेला पैसा, दोन खाते वेगळे. लायन्समधे तर नियमच आहे की लोकाईचा पैसा लोकाईच्याच कामाले, मेंबरच्या जेवणावळीले नाई. रोटरीचं अजून वेगळं, तिथं क्लब आपल्या फाउंडेशनले वार्षिक निधी देते, तो तीन वर्ष गुंतवून ठेवतात अन् मंग त्यातला जवळपास अर्धा आपल्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे सरकारी जिल्हा नाई, रोटरीच्या क्लबाईचा गट) हातात परत येते. फाउंडेशनकडून मोठी ग्लोबल ग्रँट (अनुदान) पाहिजे तर प्रोजेक्टच कमीत कमी 30,000 डॉलरचा लागते अन् दुसऱ्या देशातला क्लब जोडीले. तालुक्याच्या छोट्या क्लबले हे एकट्यानं झेपणारं नाई, म्हणून आपल्याकडं कुपन अन् ऑर्केस्ट्राच.

मी 500 ची पावती फाडली. कोणाले मोठी रक्कम द्याची असन अन् 80 जी ची (दान दिल्यावर इन्कम टॅक्समधे भेटते ते) सूट पाहिजे असन तर 2000 च्या वर नगद देऊ नका, चेक नाईतर ऑनलाइन द्या, अन् क्लबच्या ट्रस्टले 80 जी आहे का ते पहिले विचारा.

खरी तक्रार आता. एक स्टार याचा. लायन्स असो का रोटरी, वर्ष 1 जुलैले बदलते अन् त्याच्यासंगं अध्यक्ष. नव्या अध्यक्षाले नवं काम पाहिजे, नवी पाटी पाहिजे. याच शाळेत आमच्या क्लबनं पाण्याची आरओ मशीन बसवली होती, लय गाजावाजा झाला, पेपरात फोटो आला. आता फिल्टर गेला तर बदलाले पैसे नाईत, कारण ते मागच्याच्या मागच्या अध्यक्षाच्या वर्षातलं काम. शिबिराच्या दिवशी आम्ही त्याच मशीनच्या पाटीखाली बसून बिसलेरी पेलो. मशीन बसवाले पैसा जमते, फिल्टरले नाई, कारण फिल्टरवर नाव कोरता येत नाई राजेहो.

मायचा दुसरा डोळा अजून बाकी आहे. सेक्रेटरी भाऊ म्हणे जुलैनंतर नव्या अध्यक्षाले विचारा. त्याईले जाऊन विचारलं तर ते म्हणे माझ्या वर्षात झाडं लावाचा विचार आहे.