जी-६ खेळलेल्या राजावर: घरं धरायची की एच फाइल फोडायची?

बुद्धिबळात समोरच्या काळ्याने किंग साइडला, म्हणजे राजाच्या बाजूला, कॅसलिंग केलंय (राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या शेजारी), प्यादं जी-६ला आहे आणि जी-७चा उंट मारामारीत गेलाय (अक्षर म्हणजे उभी रांग, अंक म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ). एफ-६ आणि एच-६ ही घरं आता राखणार कोण? प्यादं मागे येत नाही, म्हणजे ही भोकं डाव संपेपर्यंत राहणार. पांढऱ्यांकडून तुम्ही त्यांत मोहरे घुसवाल, की एच फाइल, म्हणजे कडेची उभी रांग, फोडायला एच प्यादं रेटाल? सांगलीत मुलांसोबत डाव तपासायला बसलो की बहुतेकांचं बोट एच-४कडे जातं. मी आधी घरांकडे बघतो.

वजीर एच-६ला, प्यादं एफ-६ला, की जी-७वर मात. अठराव्या शतकातल्या इटालियन बुद्धिबळपटू लोलीच्या नावाने ती ओळखली जाते. काळा राजा एच-८ला, हत्ती जी-८ला नेऊन ती थोपवतो. इथेच बरेच जण थांबतात. थांबू नका, एक हत्ती तिसऱ्या ओळीवर आणा. एफ-८वर त्याचा घोडा नसेल तर वजिराने एच-७चं प्यादं मारून शह द्या. राजाला वजीर घ्यावाच लागतो आणि हत्ती एच-३ला येताच मात: जी-७ आपल्या प्याद्याने धरलेलं, जी-८वर त्याचाच हत्ती, जी-६वर त्याचंच प्यादं. हे पटावर मांडून बघाच, फार देखणं आहे.

या मार्गाला वेळ लागतो. काळा वजीर एफ-८ला येऊन अदलाबदल मागू शकतो. पण वजीर गेले तरी एफ-६वर रोवलेला घोडा तिथेच राहतो, काळ्याचं ई-७चं प्यादंही पुढे गेलेलं असेल तर त्याला हाकलायला प्यादं नसतं.

एच फाइलचं तसं नाही. वजीर गेले की हल्ल्याचा जोर बहुतेक ओसरतो. पण दोन्ही राजे विरुद्ध बाजूंना असतील तर तीच निवडा, तिथे एकेक चाल मोलाची. १९५८ साली आजच्या स्लोव्हेनियातल्या पोर्तोरोझला पंधरा वर्षांच्या अमेरिकन फिशरने डेन्मार्कच्या लार्सनविरुद्ध एच-५वरच्या घोड्यासाठी हत्ती दिला, मग जी प्यादं पुढे ढकललं आणि डाव ३१ चालींत संपवला. त्याचा स्वतःचा राजा क्वीन साइडला, म्हणजे वजिराच्या बाजूला होता, म्हणून ही प्यादी पुढे टाकणं परवडलं.

मला ते परवडलं नव्हतं. सांगलीतल्याच एका स्पर्धेत दोघांचंही कॅसलिंग एकाच बाजूला असताना मी जी आणि एच प्यादी सोडली. काळ्याने मध्यात प्यादं डी-५ला ढकललं, केंद्र उघडलं आणि पाच-सहा चालींत माझाच राजा उघड्यावर पडला. तेव्हापासून एच-४ खेळण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो: माझा राजा कुठे आहे, आणि केंद्र बंद आहे का. आणि काळ्या घरांतला माझा उंट पटावर असेल, तर तो घोड्याबदली सहसा देत नाही.