नवे पाटे म्हणून रंगवलेलं भंगार गळ्यात मारलं

लोड भरला की पिकअप मागून बसते, म्हणून जादा पाटे (चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकायचं डोक्यात असेल तर गाडी गॅरेजला लावण्याआधी हे वाचा. माझे ३७,६०० रुपये हायवेच्या कडेच्या एका गॅरेजवाल्याने खाल्ले आणि भरलेली गाडी माळशेज घाटात आडवी पडता पडता राहिली.

हिशोब असा: पाट्यांचा सेट २२,४००, मागचे दोन शॉकअप ६,८००, यू बोल्ट, बुश आणि सेंटर बोल्ट मिळून ३,९००, मजुरी ४,५००. यातले २०,००० आगाऊ फोनवरून दिले. बाकीचे १७,६०० त्याने रोख मागितले. "रोख द्या शेठ, जीएसटी वाचेल." हातात आली ती कच्ची चिठ्ठी, वर फक्त 'पाटे सेट' आणि रक्कम. टोमॅटोचा हंगाम तोंडावर असताना गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो माणूस नेमकं त्याच घाईवर जगतो.

ओव्हरलोड केला असशील, असं मला तोंडावर सांगणारे खूप भेटले. नारायणगावच्या मार्केटमधून वाशीला ५५ क्रेट भरले होते. काट्याची पावती जपून ठेवली आहे, माल क्रेटसकट १,२१५ किलो. गाडी पास आहे १,३०० किलोला. म्हणजे मी नियमात होतो. मला फक्त मागचा भाग बसायला नको होता, कारण बसलेल्या गाडीचा पुढचा भाग हलका होतो आणि घाटात स्टिअरिंग हाताला लागत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं फिरतं. पाटे चढवण्याआधी जमिनीवर मांडून ठेवले होते. मी एक उचलून बघितला तर बोटांना काळा रंग लागला. ओला रंग! नव्या पाट्याला कंपनीचा रंग असतो, तो बोटाला कशाला येईल? शिवाय एका पाट्याच्या टोकाजवळ घासून गुळगुळीत झालेला पट्टा होता. खालच्या पाट्यावर वर्षानुवर्षं घासल्याशिवाय तसा पट्टा पडत नाही. कंपनीचा शिक्का नाही, पार्ट नंबर नाही. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "गंज लागू नये म्हणून आम्हीच हात मारतो." वीस हजार आधीच त्याच्या खात्यात, जुने पाटे उतरवलेले, गाडी जॅकवर. अशा वेळी माणूस गाडी ओढत नेणार कुठे? आगाऊ पैसे घेऊन आधी गाडी उघडायची, म्हणजे गिऱ्हाईक बांधलं जातं. तुमचे जुने पाटे तुमच्याच ताब्यात ठेवा. माझे त्याने "भंगारात जातील" म्हणून ठेवून घेतले. आता वाटतं, तेच रंगवून दुसऱ्या कोणाच्या गाडीला बसवले असतील.

घाट उतरताना मागून धाडकन आवाज झाला. डावीकडचा मेन पाटा तुटला, ॲक्सल मागे सरकला आणि चाक मडगार्डला घासायला लागलं. कडेला घेता आली म्हणून हे लिहितोय. टोचनवाल्याचे ६,५००, दुसऱ्या गाडीत माल टाकायचे ५,०००, आणि उशिरा पोचल्यामुळे व्यापाऱ्याने क्रेटमागे १५० कापले ते ८,२५०. पाट्यांसकट एकूण ५७,३५० रुपये.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडावर बहुतेक सगळा जुना गंज आणि एका कडेला ताजी चकाकी. गंजाच्या वर भेगेत काळा रंग शिरलेला. म्हणजे रंग मारला तेव्हाच पाटा तडकलेला होता! पाट्याची बसून सपाट झालेली कमान गॅसने तापवून, ठोकून पुन्हा उभी केलेली. असं केलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, पाटा चार दिवस ताठ दिसतो आणि मग एक तर बसतो, नाही तर तुटतो. शॉकअपही जुनेच, तेल भरून रंगवलेले.

मिस्त्रींकडून कळलेली आणखी एक गोष्ट कोणताच पाटेवाला सांगत नाही. अनेक पिकअपला मागे ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली यावरून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून मागची बाजू उचलली आणि व्हॉल्व्ह परत सेट केला नाही, तर त्याला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो. "आता दोन टन बिनधास्त भरा" म्हणणाऱ्याच्या गॅरेजमधून सरळ निघून या. पाट्याने ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यातलं काहीच वाढत नाही, आणि आरसीवरचा आकडाही वाढत नाही.

पोलीस ठाण्यात सांगितलं, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अर्जाच्या प्रतीवर पोच द्यायलाही दोनदा चकरा मारायला लावल्या. तडकलेला पाटा नवा म्हणून विकणं ही दिवाणी बाब? घाटात माणूस मेला असता तर फौजदारी झाली असती का? आरटीओत गेलो तर साहेबांनी उलट मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं, गाडीत बदल करायला परवानगी घेतली होती का म्हणून. गॅरेजवाल्याला विचारायला कोणी तयार नाही! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण कच्च्या चिठ्ठीच्या गॅरेजवाल्याला निरोपाने काही फरक पडत नाही. ग्राहक आयोगाच्या कार्यालयातला कारकून म्हणाला, "पिवळी पाटी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक होत नाही." हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. मी स्वतः गाडी चालवतो, दुसरा ड्रायव्हर नाही. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कारकुनाच्या शब्दावर माघारी फिरू नका.

मी ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे, तारखेची वाट बघतोय. तुटलेला पाटा, काट्याची पावती, २०,००० चा व्यवहार, चिठ्ठी, सगळं जोडलं आहे. रोख दिलेल्या १७,६०० चा पुरावा ती चिठ्ठी सोडून काही नाही. ज्यांनी हायवेच्या कडेला असे पाटे अलीकडे बसवून घेतले असतील त्यांनी आजच गाडीखाली जाऊन रंग खरवडून बघा, आणि भेग दिसली तर पाटा उतरवण्याआधी फोटो काढा.