सेंट मेरीज बेट, मडगावहून ग्रुप टूर: गाईड एक नंबर, वेळ फार कमी

मडगावहून रात्रीची ट्रेन, सकाळी उडुपी, मग मलपे आणि तिथून बोट, अशी ही टूर. प्रवास, जेवण ठीकठाक, त्यावर जास्त लिहीत नाही. पैसे वसूल झाले ते गाईडमुळे.

बेट ज्वालामुखीच्या दगडाचं आहे पण धूर नि विवर शोधायला जाऊ नका, तसलं काही तिथे नाही, बेटाची उंची पण जेमतेमच. बघायचे ते खांब. सेंट मेरीजच्या चार मुख्य बेटांपैकी कोकोनट आयलंडवर ते सगळ्यात भारी दिसतात, बहुतेक षटकोनी, मधेच एखादा पाच नाहीतर सात बाजूंचा, उंचातले उंच साधारण ६ मीटर, आणि एकमेकांना इतके चिकटून की मधल्या फटीत हाताचं बोटसुद्धा जात नाही. गाईडने एका खांबाजवळ बसवून दाखवलं, लाव्हा थंड होताना आकसतो, उन्हात शेतातला चिखल सुकून तडकतो तसा, आणि ते तडे पृष्ठभागापासून आत आत जात राहतात म्हणून खांब तयार होतात. खांबांना आडवे तडे पण आहेत, त्यात शिंपल्यांचे तुकडे अडकलेले दिसले. किनाऱ्यावर पण वाळूपेक्षा शिंपलेच जास्त.

हा दगड रायोलाइट जातीचा, साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून तुटत होतं तेव्हाचा. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल (अशाच दगडी खांबांची टेकडी) बघितलेल्यांना दोन्ही एकच वाटेल, पण तो दख्खनच्या लाव्हातला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे हे बेट त्याच्याही आधीचं. आपण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात वाढलेली माणसं, ताजा काढलेला चिरा तासता येतो हे माहीत असतं, त्यामुळे या दगडाचा कडकपणा हाताला लगेच कळतो. वास्को द गामा १४९८ मध्ये इथे उतरला असंही सांगतात.

तक्रार एकच पण मोठी. गाईड रंगात आला आणि बोटवाल्याने शिट्टी मारली. अर्धा वेळ आधीच ग्रुप फोटोत गेला होता, खांबांच्या पलीकडची बाजू राहूनच गेली. एवढ्या लांब नेता तर निवांत बघू तरी द्या ना! म्हणून एक स्टार कापला, पाचपैकी चार.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचं बघा. पायात ग्रिपवाले सँडल हवेत, ओल्या दगडावर पाय सटकतो. आणि बुकिंग करतानाच विचारून घ्या, बेटावर नक्की किती वेळ देणार.