सूर्यडागांचं चुंबकत्व: कोडाईकनालची छायाचित्रं की माउंट विल्सनची चित्रं?

नाशिकला गंगापूर रोडवर चहा पिता पिता भाचीच्या एमएस्सी प्रकल्पावर वाद रंगला. सूर्यावरच्या काळ्या डागांच्या चुंबकक्षेत्रात शंभर वर्षांत झालेला बदल कशावरून मोजायचा?

तमिळनाडूतल्या कोडाईकनाल वेधशाळेची छायाचित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. डागाचं क्षेत्रफळ छान मिळतं. चुंबकक्षेत्राचा मात्र अंदाजच, मोठा डाग म्हणजे साधारण जोरदार क्षेत्र.

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत १९१७ पासून हाताने डाग काढून शेजारी थेट क्षेत्राचा आकडा लिहिलाय. चुंबकक्षेत्र जितकं जोरदार तितकी डागाच्या प्रकाशातली वर्णरेषा फाकते; ती किती फाकली हे निरीक्षक डोळ्यांनी जोखायचा. माणूस बदलला की आकडा हलणारच! बारक्या डागांची मापं तर आणखी कच्ची.

तरी मी म्हटलं, चित्रंच घे, मोठ्या डागांपुरती. क्षेत्रफळ कोडाईकनालवरून ताडून बघ.

"मामा, पावसाळ्यात ढगांमुळे कोडाईकनालच्या छायाचित्रांत पडलेल्या खंडांचं काय?"