मुक्तांगण, येरवडा: ह्यांना सोडायला गेले आणि ट्रीटमेंट माझी सुरू झाली

खूप दिवस लिहायचं राहून जात होतं. परवा एका बाईंचा फोन आला की ताई मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव कसा आहे, पैसे वाया जात नाहीत ना, माणूस तिथून आल्यावर परत पीत नाही ना, आणि मला फोनवर दोन मिनिटात काही नीट सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते. स्टार विचारत असाल तर पाचपैकी पाच. पण नुसते स्टार बघून जाऊ नका, पूर्ण वाचा, कारण तिथे काय मिळतं हे मला स्वतःला समजायलाच वर्ष गेलं.

आम्ही दिघीत राहतो. आमचे हे भोसरीला कंपनीत फिटर, मी घरी ब्लाऊज शिवते. लग्न झालं तेव्हा महिन्यातून एखादवेळ घ्यायचे, मग पगाराच्या दिवशी, मग रोज, आणि 2014 नंतर सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे म्हणून दात घासायच्या आधीच. मुलगा तेव्हा दुसरीत होता. गेटची कडी कशी वाजली यावरून त्याला कळायचं पप्पा कसे आलेत ते, आणि कडी जोरात आपटली की तो टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचा. सात वर्षाचं पोर हो.

आम्ही काय काय केलं ते पण सांगते कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणी आत्ता तेच करत असतील. आळंदीला नेऊन माळ घातली. तीन महिने नीट गेले, मग एक दिवस माळ काढून खुंटीला लावलेली दिसली आणि मला कळलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, ते तर मी आज कुठल्याच बाईला करू देत नाही, कारण बाप परत प्यायला की पोराला वाटतं आता मी मरणार. पेपरातली जाहिरात बघून चहातून गुपचूप द्यायची पावडर आणली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की अशा पावडरीत काय घातलंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि दारू बंद करायच्या खऱ्या गोळ्या, डायसल्फिराम म्हणतात त्या, त्यासुद्धा माणसाला न सांगता द्यायच्याच नसतात, त्यावर दारू पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं. माझ्या हातून काय होऊ शकलं असतं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत घरात कोंडून ठेवलं, म्हणलं चार दिवस मिळाली नाही की सुटेल. दुसऱ्या रात्री घामाघूम, भिंतीवर किडे दिसतायत म्हणायला लागले आणि पहाटे फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची एकदम बंद केली की पहिले दोन तीन दिवस फार धोक्याचे असतात, फिट येते, भास होतात, वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातो सुद्धा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून मी तुम्हाला सांगते. घरी कोंडू नका. डॉक्टरच्या हाताखालीच बंद करा.

त्यानंतर एक सेंटर केलं. नाव घेत नाही. रात्री चार जण जीपमधून आले, ह्यांना उचलून नेलं, तीन महिन्याचे पैसे आधी घेतले. आले तेव्हा मनगटावर दोरीचे वळ होते आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, त्याच संध्याकाळी प्यायले. चूक माझी पण झाली की मी काही न बघता सही केली. कुठेही टाकण्याआधी नोंदणी आहे का विचारा, आत जाऊन बघू देतात का विचारा, बघू देत नसतील तर तिथून सरळ परत या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला हक्क दिलेत, मारहाण बांधून ठेवणं हा काही उपचार नाही.

एवढं सगळं झाल्यावर ऑगस्ट 2016 मध्ये मुक्तांगणला गेलो. येरवड्याला आळंदी रोडवर मोहनवाडीत आहे, आमच्या घरापासून बसने सरळ रस्ता, आणि मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेली पण कधी आत जायचं धाडस झालं नव्हतं, कुणी ओळखीचं बघेल म्हणून.

समोर जे काउन्सेलर बसले होते ते माझी सगळी कहाणी ऐकून ह्यांना म्हणले, बाटली गाडीच्या साइड पॅनलमध्ये ठेवता की संडासच्या फ्लशच्या टाकीत? मी हे काहीच सांगितलं नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणले टाकीत. मग ते काउन्सेलर म्हणले मी पण तिथेच ठेवायचो. त्या एका वाक्याने ह्यांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः एकेकाळी पेशंट म्हणून आलेले आहेत, म्हणजे पेशंट म्हणतच नाहीत तिथे, रुग्णमित्र म्हणतात. मला वाटतं या जागेची खरी ताकद हीच आहे. डॉक्टर आहेत, सायकॉलॉजिस्ट आहेत, पहिल्या दिवसातला त्रास औषधांनी सांभाळतात, ते सगळं चांगलंच आहे, पण त्याच खड्ड्यातून वर आलेला माणूस समोर बसून बोलतो तेव्हा पिणाऱ्याला खोटं बोलायची गरजच राहत नाही.

थोडा इतिहास पण सांगते, कारण बऱ्याच लोकांना ही जागा नुसती सरकारी दवाखान्यासारखी काहीतरी वाटते. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखमाला लिहिली होती, ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई इतके अस्वस्थ झाले की त्यांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशनतर्फे 1 लाख रुपये दिले, आणि 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या, उपचाराची सगळी पद्धत त्यांनी बसवली. त्यांना अजून सगळे मोठ्या मॅडमच म्हणतात. स्वतःला कॅन्सर झालेला असताना त्यांनी हे काम उभं केलं, 1997 मध्ये त्या गेल्या. मी त्यांना बघितलेलं नाही, तरी त्यांचं नाव घेताना मला आपल्या घरातल्या मोठ्या बाईचं नाव घेतल्यासारखं वाटतं. आता मुक्ताताई पुणतांबेकर, म्हणजे त्यांची मुलगी, काम बघतात. बाबा, म्हणजे अवचट सर, 27 जानेवारी 2022 ला गेले त्या दिवशी आमचे हे जेवले नाहीत.

उपचार 35 दिवसांचे, तिथेच राहून. सकाळी लवकर उठणं, योगासनं, आपली साफसफाई आपण करायची, ग्रुप, लेक्चर, काउन्सेलिंग. आमच्यासारख्यांना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 35 दिवस बिनपगारी. मी भिशी आधी उचलली, लग्नसराई नव्हती तरी गणपतीच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी घेतल्या, जाऊबाईंनी गहू तांदूळ पाठवले. फीच्या बाबतीत आम्ही परिस्थिती खरी खरी सांगितली आणि आम्हाला सवलत मिळाली. लाजू नका, सांगा.

आता मेन मुद्दा. पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं की तुम्ही पण यायचंय, सहचरी नावाचा गट आहे, पिणाऱ्यांच्या बायकांचा. मला रागच आला. म्हणलं पितात ते, शिकायला मी कशाला, मला काय झालंय? घर मी चालवते, पोराला मी बघते, उधाऱ्या मी फेडते, सुपरवायझरला फोन करून ह्यांना ताप आलाय म्हणून मी सांगते. हे सगळं मी त्या गटात फार अभिमानाने सांगितलं. तर एक वयस्कर ताई शांतपणे म्हणल्या, अगं मग त्यांना प्यायला अडचण काय येते?

मी घरी येऊन रात्रभर रडले. पण ते खरं होतं. त्यांनी पाडलेलं सगळं मी उचलत होते, आणि म्हणून त्यांना पडल्याचं कधी कळलंच नाही. त्या गटाने मला तीन गोष्टी करायला लावल्या आणि तिन्ही फार अवघड गेल्या. सुपरवायझरला खोटं बोलायचं बंद. त्यांची उधारी मी फेडायची नाही, दुकानदाराला स्पष्ट सांगायचं. आणि ते प्यालेले असताना भांडायचं नाही, सकाळी शुद्धीवर असताना एकदाच बोलायचं. शिवाय रोज स्वतःसाठी काहीतरी करायचं, मी संध्याकाळी अर्धा तास चालायला लागले, लग्नानंतर पहिल्यांदा एकटी विनाकारण घराबाहेर पडले.

आणि हो, हे पण प्रामाणिकपणे सांगते, ते परत प्यायले. मार्च 2017, सात महिन्यांनी, भाच्याच्या लग्नात. पाठपुराव्याच्या मीटिंगला जाणं दोन महिने बंद केलं होतं, आता मला सगळं जमतंय म्हणून. तिथे याला स्लिप म्हणतात. आधीची मी असते तर दागिने गहाण टाकून अजून कुठेतरी नेलं असतं. या वेळी मी सुपरवायझरला फोन केला नाही. तीन दिवस खाडा झाला, कंपनीने नोटीस दिली, आणि चौथ्या दिवशी हे स्वतः बॅग भरून म्हणले चल मला सोडून ये. एप्रिल 2017 पासून आजपर्यंत एक थेंब नाही. 35 दिवसात माणूस बरा होऊन मिळतो असं समजून जाऊ नका, हा डायबिटीससारखा आजार आहे, रोज सांभाळायचा. व्यसन सुटल्याचा वाढदिवस करतात तिथे, ह्यांच्या पहिल्या वाढदिवसाला मुलगा पुढे बसला होता आणि घरी येताना बसमध्ये त्याने मला हळूच विचारलं, आता पप्पांचा खरा वाढदिवस कुठला?

मग माझं काम कसं सुरू झालं ते. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी ब्लाऊजचं माप द्यायला यायची, दर वेळी हातावर नवा डाग. तिला मी सहचरीला घेऊन गेले. मग तिने तिच्या बहिणीला आणलं. सगळ्यांना येरवड्यापर्यंत येणं जमत नाही, कुणाची धुण्याभांड्याची कामं, कुणाची सासू सोडत नाही, म्हणून 2019 पासून आम्ही आमच्याच भागात विठ्ठल मंदिराच्या मागच्या हॉलमध्ये बसायला लागलो. संस्था वगैरे नाही, पैसे गोळा करत नाही. एकमेकींचं ऐकतो, कुणाला पहिल्यांदा मुक्तांगणला जायचं असेल तर सोबत जातो, फॉर्म भरून देतो, 35 दिवस घरी दाणापाणी पुरेल का ते बघतो, कमी पडलं तर वाटून घेतो.

लॉकडाऊनमध्ये या सगळ्याचा उपयोग झाला. मार्च 2020 ला दारूची दुकानं एकदम बंद झाली आणि माझा फोन रात्री दोनला वाजायला लागला, ताई हे थरथर कापतायत, ताई हे भलतंच बडबडतायत. ज्या बायकांना वाटत होतं चला देवाने सोडवली, त्यांना मी सांगत होते की अगं हा विथड्रॉल आहे, दारू एकदम बंद झाल्याचा त्रास, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. दोघांना ॲम्ब्युलन्सने ससूनला नेलं, दोघंही वाचले. मग 4 मे ला दुकानं उघडली आणि त्या रांगा टीव्हीवर बघून आमच्या गटातल्या बायका रडत होत्या. ह्यांनी त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि फोन घेऊन बसले, आपल्या ओळखीच्या एकेका रुग्णमित्राला विचारत होते, आज काय करतोयस, बाहेर पडू नको, बोलत बस माझ्याशी.

कुणाला जायचं असेल तर आधी फोन करून जा, आणि शक्यतो घरातलं अजून एक माणूस सोबत न्या. बाई पीत असेल किंवा गोळ्यांचं व्यसन असेल तर निशिगंध नावाचा बायकांचा वेगळा विभाग आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि बाईचं व्यसन घरात दाबून ठेवतात. लांब राहत असाल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. माणूस यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जा. मी हे परत लिहिते, एकट्या जा, तुमच्यापासून सुरू करता येतं.

दिघी भोसरी भागात असाल तर आमची बैठक मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला असते, त्या वेळी मंदिराच्या मागच्या बाजूला चपला दिसतील. नाव सांगावं लागत नाही, बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालतं. पोरांना घेऊन या, त्यांच्यासाठी चटई आणि खडू ठेवलेत.