आखाजी ते संक्रांत: डासांची ट्यूब, जुना शर्ट आणि केळीचा बाग

चोपडा तालुक्यात तापीच्या पट्ट्यात आमची तीन एकर केळी आणि चार एकर कपाशी. मजूर लावले तरी मी स्वतः रोज शेतात असते. केळीचा बाग रस्त्यावरून पाहणाऱ्याला थंडगार दिसतो. आत शिरलं की कळतं, ती सावली डासांनाही तेवढीच आवडते. पानांच्या बेचक्यात पाणी साचतं, घड उतरवल्यावर कापलेल्या खुंटात साचतं, आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास तेवढ्या चमचाभर पाण्यात वाढतो. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच, आणि हा दिवसा चावतो. रात्री मच्छरदाणीत झोपणाऱ्या माणसालाही बागेत तो गाठतोच.

मागच्या हंगामात धाकट्या दिरांना डेंगी झाला. आठवडाभर सलाईन, नंतर महिनाभर सांधे धरलेले. तेव्हा ठरवलं की याचा नीट बंदोबस्त करायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते, येताना मेडिकलमधून अंगाला लावायची ट्यूब घेऊन आले. संक्रांतीपर्यंत अशा अकरा ट्यूब संपवल्या. एवढ्या दिवसांत जे कळलं ते लिहिते, कारण घरात बसून वापरणाऱ्याचा अनुभव आणि शेतातला अनुभव यात फार फरक आहे.

आधी ट्यूबविषयी. माझ्या ट्यूबवर एन, एन-डायइथाइल बेंझामाइड 12 टक्के असं लिहिलेलं आहे. याने डास मरत नाही. त्याला आपल्या अंगाचा माग नीट लागत नाही, म्हणून तो बसत नाही. लावलं तेवढ्याच जागेचं रक्षण होतं. एकदा घाईत डावा घोटा राहिला, तर दोन्ही हात स्वच्छ आणि त्या एका घोट्यावर सात गांधी. तेव्हापासून बोटं, कानामागची जागा, मान, घोटे असा क्रम ठरवूनच टाकला.

किती वेळ टिकतं हे सगळं घामावर आहे. वेष्टणावरचे तास आमच्या बागेत कधीच मिळाले नाहीत. मे महिन्यात घामाने दीड तासात सगळं धुऊन जायचं. श्रावणात दोन तास, आणि थंडीत कापूस वेचताना सकाळचं लावलेलं चार तास टिकायचं. म्हणून मी घड्याळ बघायचं सोडलं. चहा झाला की पुन्हा लावायचं, जेवणानंतर हात धुऊन पुन्हा लावायचं. भाकरीआधी हात साबणाने धुवायचेच. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना बोटाला विळा लागला असेल तर त्या जागी लावू नका, फार आग होते. डोळ्यांजवळ, ओठांवर आणि कपड्याखाली झाकलेल्या अंगावर तर लावायचंच नाही. लहान मुलांना आपण लावून द्यावं, पण त्यांच्या हातांच्या पंजांना नको, कारण ते हात तोंडात जातात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ट्यूबपेक्षा जास्त काम जुन्या शर्टाने केलं. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतातच, बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. मी तोच शर्ट केळीतही घालायला लागले. सुरुवातीला यांचा गडद निळा शर्ट घेतला होता, त्यावर डास घोंघावत बसायचे. गडद रंग त्यांना ओढतो. मग फिका, सैल, सुती शर्ट काढला. सैल हवाच. अंगाला चिकटलेल्या कापडातून सोंड सरळ आत जाते. साडीखाली लेगिंग घालून पाहिलं, मांड्यांवर तशाच गांधी. त्याऐवजी यांची जुनी ढगळ नाइट पँट घातली, पायचे मोज्यांत खोचले, तेव्हा पाय वाचले. चार दिवस संकोच वाटला. पोळ्यानंतर आमच्याकडच्या सात बायांपैकी तिघी तशाच पँट घालून यायला लागल्या. ज्याला ट्यूबचा खर्च परवडत नाही, त्याने नुसतं एवढं केलं तरी अर्धं काम होतं, हे मी खात्रीने सांगते.

कडुनिंबाचं तेल खोबरेल तेलात मिसळूनही महिनाभर लावलं. सासूबाईंचा त्यावर फार विश्वास. अंगणात संध्याकाळी ठीक वाटलं, बागेत अर्ध्या तासाच्या वर टिकलं नाही. कॉइल पाण्याच्या मोटारीच्या खोलीत चालते, उघड्या शेतात तिचा उपयोग शून्य.

आणि एक नीट समजून घ्या: ट्यूब गांधीलमाशीवर, मधमाशीवर चालत नाही. डास रक्तासाठी वासावर येतो, या माशा स्वतःचं घर राखायला येतात. कानबाईच्या सणाच्या आठवड्यात वाळलेली पानं कापत होते. एका पानाच्या आतल्या बाजूला बोरापेक्षा थोडं मोठं पोळं होतं, मला दिसलंच नाही. मनगटावर दोन डंख बसले. कानबाईसाठी नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या हातात. शेजारच्या सऱ्यांतली एक वयस्कर बाई ओरडत आली, "वहिनी, बांगड्या काढी टाका पहिले, हात सुजी जाई!" मी ऐकलं नाही, सणाच्या बांगड्या होत्या. पाऊण तासात बांगड्या मांसात रुतल्या. शेवटी रुमाल खाली सरकवून एकेक फोडावी लागली. नववीच्या वेळी काच लागलीच. हातावर डंख बसला की अंगठी, बांगड्या, घड्याळ त्याच मिनिटाला उतरवा. बाकी सगळं त्यानंतर.

घरी आल्यावर त्यावर चुना लावला, कारण आमच्याकडे सगळे तेच करतात. दुसऱ्या दिवशी डंख बाजूलाच राहिला, चुन्याने कातडी पोळून निघाली. चुना, तंबाखू, रॉकेल यांतलं काहीही आता मी जवळ येऊ देत नाही. साबण-पाण्याने धुवायचं, माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं धरायचं, हात उंच ठेवायचा. मधमाशी चावली तर तिचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून विष उतरत असतं, तो नखाने का होईना लगेच काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, पण ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, म्हणून आधी तिथून लांब व्हा. ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं, अंगभर पित्त उठणं, चक्कर येणं, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिळेल अशा दवाखान्यात तडक न्या.

साध्या गांधींसाठी सगळ्यात उपयोगी पडलं ते कॅलामाइन लोशन. ओल्या फडक्यानंतर लावलं की खाज उतरते. फार चावे असतील तेव्हा डॉक्टरांना विचारून रात्री सेट्रिझिनची गोळी घेतली. झोप येते, म्हणून दिवसा घेऊन मोटारसायकलवर बसू नये. नखं मात्र बारीक कापलेली ठेवा. माझ्या पोटरीवरचे दोन काळे डाग डासाने दिलेले नाहीत, मी खाजवून पिकवल्याने पडलेले आहेत.

पावसाळ्यात बांधावरच्या गवतात टेकून जेवण्याची सवयही मोडली. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चावा कळतही नाही. मग ताप येतो, आणि कधी कधी काखेत, जांघेत बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दिसली तर डॉक्टरांना आपणहून दाखवा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. आता आम्ही जेवायला ताडपत्री अंथरतो.

खुंटांवर फावडंभर माती टाकायला आणि ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायला भाद्रपदात सुरुवात केली. ते जूनमध्येच करायला हवं होतं.

चिलटांवर ट्यूब चालली नाही. ती डोळ्यांभोवतीच घोंघावतात आणि तिथे लावता येत नाही. त्यांच्यासाठी पातळ ओढणी कपाळापासून नाकापर्यंत बांधते. मोटारीच्या खोलीत खिळ्याला एक पिशवी कायम टांगलेली आहे: ट्यूब, कॅलामाइन, साबणाची वडी, स्वच्छ फडकं, जास्तीचे मोजे. येत्या आखाजीपासून सातही बायांना मीच फिके शर्ट देणार आहे. कापड घेऊन ठेवलंय, शिवायला टाकायचं बाकी आहे.