दात दाखवायला गेलो, डॉक्टरांनी डोळेही पाहिले

लहान मुलांच्या दातांसाठी या क्लिनिकला पाच तारे देतेय. दोन मजले चढून जावं लागतं, लिफ्ट नाही आणि संध्याकाळी बराच वेळ बसावं लागतं, हे आधीच सांगते. तरीही पाचच.

माझी मुलगी नऊ वर्षांची. वरचे मधले दोन दात आले ते बारीक, खुंटीसारखे. त्यांच्या शेजारच्या दातांचा तर पत्ताच नव्हता. आधीच्या एका दवाखान्यात "येतील हो वर्षभरात" एवढंच ऐकायला मिळालं होतं. इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घेतला आणि पडद्यावर दाखवलं, की त्या दातांचे अंकुरच हाडात नाहीत. जे नाहीच, ते येणार कुठून?

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी समाधानी असते. पण त्यांनी खुर्चीचा दिवा बाजूला करून मुलीच्या डोळ्यांत नीट पाहिलं. डाव्या डोळ्यातली बाहुली मधोमध नव्हती, एका बाजूला ओढल्यासारखी होती. आम्हाला ती जन्मापासूनची ठेवण वाटायची. मग बेंबीबद्दल विचारलं. बेंबीभोवती जास्तीची कातडी आहेच. लहानपणी हर्निया समजून ती दाखवलीही होती. पुढचा प्रश्न, "घरात कुणाला काचबिंदू?" म्हणजे बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून नजर जाते तो आजार. माझ्या सासूबाईंची एका डोळ्याची नजर पस्तिशीतच गेली आणि कवळी तर त्याआधीपासूनची. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आमच्या घरात कधी कुणी पाहिल्या नव्हत्या.

मॅडमनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली: अॅक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोमची (डोळे आणि दात दोन्हींत खोट ठेवणारा जन्मजात आजार) शंका, डोळ्याचा दाब आणि कोन (डोळ्यातलं पाणी निचरतं ती जागा) तपासावा. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांनी ते पक्कं केलं. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला आतून पांढरी रेघ, बुबुळाचे धागे तिला चिकटलेले, डाव्या डोळ्याचा दाब वाढलेला. मुलीला काहीही दुखत नव्हतं, दिसायलाही नीट दिसत होतं, म्हणूनच मला याचं महत्त्व वाटतं. या आजारात साधारण निम्म्या लोकांना काचबिंदू होतो, बहुतेकदा लहानपणी किंवा ऐन तारुण्यात, आणि गेलेली नजर परत येत नाही. आता रोज थेंब घालतो, दाब खाली आलाय.

रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भात पेशींचा एक समूह चेहऱ्याकडे सरकतो. डोळ्याचा पुढचा भाग आणि दातांचा मोठा भाग त्यातूनच घडतो. PITX2 नावाच्या जनुकात बिघाड असला, की दोन्हीकडे खोट राहते. FOXC1 या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडाने डोळे तसेच होतात, पण तिथे हृदय आणि कान तपासावे लागतात. आई किंवा वडील, एकाकडून आलं तरी पुरे. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. म्हणून माझ्या नवऱ्याचे आणि धाकट्याचेही डोळे तपासून घेतले. नवऱ्याच्या डोळ्यात तीच रेघ आहे, दाब मात्र ठीक. त्यांना दरवर्षी तपासणी सांगितली आहे. धाकट्याचं काही निघालं नाही.

दातांचं काम इथेच चालू आहे. खुंटीसारख्या दातांना कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचा भराव) आकार दिला, रिकाम्या जागी काढता-घालता येणारी छोटी प्लेट बसवली. इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का बसवायचा दात, जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, अठराच्या पुढे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घाईने पैसे काढायचा प्रकार नाही. मुलगी शाळेच्या फोटोत तोंड उघडून हसली, त्याचे पैसे मी कसे मोजू?

तुमच्या मुलाचे कायमचे पुढचे दात आले नसतील, फारच बारीक असतील आणि बाहुली वेडीवाकडी दिसत असेल, तर डोळ्याचा दाब मोजून घ्याच. इथे येणार असाल तर सकाळची वेळ घ्या आणि घरातल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांचे जुने कागद असतील तर सोबत आणा, मॅडम ते खरंच वाचतात.